सीझिनकोट : इंग्लंडच्या कुरणात घारापुरीचे खांब

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात मॉर्टन-इन-मार्श नावाचे एक बाजारपेठेचे गाव आहे. लंडनच्या वायव्येस सुमारे ८० मैल. हा सारा मुलूख कॉट्सवोल्ड्स या नावाने ओळखला जातो. लांबच लांब उतरत्या टेकड्या, त्यांवर चरणाऱ्या मेंढ्या, मधाच्या रंगाच्या चुनखडी दगडाची घरे आणि मधूनच डोकावणारा जुन्या चर्चचा मनोरा, असे तिथले चित्र. मध्ययुगात लोकरीच्या व्यापारावर हा भाग श्रीमंत झाला. ‘जुने इंग्लंड’ म्हटले की इंग्रज माणसाच्या डोळ्यांपुढे जे उभे राहते, ते बहुधा हेच.

या गावाजवळच्या झाडीतून एक रस्ता सीझिनकोट नावाच्या घराकडे जातो. वाटेत ओढ्यावर एक पूल लागतो. पुलाच्या कठड्यावर नंदी बसलेले आहेत. आपल्याकडे महादेवाच्या देवळापुढे बसतात तसे, पाय मुडपून. पूल ज्या खांबांवर तोलला आहे, ते मुंबईजवळच्या घारापुरीच्या लेण्यांतल्या खांबांवरून बेतलेले. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक कुंड, कुंडामागे लहानसे देऊळ आणि देवळात सूर्याची मूर्ती. झाडांच्या शेंड्यांवरून दिसतो तो तांब्याचा, हिरवा पडलेला, कांद्याच्या आकाराचा घुमट.

हे घर उभे राहिले १८०५ च्या सुमारास. असई आणि लासवारीच्या लढाया होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. यशवंतराव होळकर अजून इंग्रजांशी झुंजत होते. अशा वेळी एका इंग्रज गृहस्थाने आपल्या गावाकडच्या घराला हिंदुस्थानी रूप द्यावे, हे नवलच. त्या नवलाची हकिगत आपल्या वाचकांना सांगण्याजोगी आहे, कारण तिचे दोन-तीन धागे मुंबई, पुणे आणि थेट आपल्या बडोद्यापर्यंत येतात.

कंट्री हाउस म्हणजे काय?

‘कंट्री हाउस’ या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. वाडा म्हणावे तर वाडा गावात, आळीत असतो. गढी म्हणावी तर तिला तटबंदी आणि बुरूज हवेत. इंग्रजी कंट्री हाउस आपल्या मालकीच्या शेकडो एकर जमिनीच्या मधोमध एकटे उभे असते. त्या जमिनीवर कुळे असतात, त्यांच्या खंडावर घराचा खर्च चालतो. मालक परगण्यातला प्रतिष्ठित माणूस ठरतो, न्यायदानाच्या कामात बसतो आणि बहुतेकदा पार्लमेंटवरही निवडून जातो. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये नुसता पैसा असून भागत नसे. जमीन आणि तिच्यावरचे घर असल्याखेरीज माणूस ‘घराण्याचा’ समजला जात नसे.

बांधणीतही वाड्याहून मोठा फरक आहे. आपला वाडा बाहेरून बंद असतो. दिंडी दरवाजा, देवडी, मग चौक. घराचे सगळे जगणे त्या चौकाभोवती फिरते. ऊन, पाऊस, तुळस, धुणे, मुंज, लग्न, सगळे चौकात. कंट्री हाउस याच्या अगदी उलट. ते बाहेर पाहते. मोठमोठ्या खिडक्या, खिडक्यांपुढे हिरवळ, हिरवळीपलीकडे मुद्दाम वळवलेला ओढा आणि मुद्दाम राखलेली झाडांची राई. घरातून बाहेरचा देखावा सुंदर दिसला पाहिजे आणि देखाव्यातून पाहिले तर घर सुंदर दिसले पाहिजे, हा त्या रचनेचा कायदा. हा फरक लक्षात ठेवला म्हणजे सीझिनकोटची गंमत नीट कळते.

हुंडीवर उभे राहिलेले घर

सीझिनकोटची जमीन १७९५ मध्ये कर्नल जॉन कॉकरेल याने विकत घेतली. तो बंगालमध्ये कंपनीच्या फौजेत अधिकारी होता. १७९८ मध्ये तो वारला आणि पुढे ही मालमत्ता त्याचा धाकटा भाऊ चार्ल्स कॉकरेल याच्याकडे आली. चार्ल्सने कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये उमेदीची वर्षे काढली होती. काही काळ तो तिथल्या टपाल खात्याचा प्रमुख होता. पण त्याची खरी कमाई झाली ती पेढीतून.

त्या काळी कंपनीचे नोकर पगारापेक्षा खासगी व्यापारावर अधिक मिळवत. कलकत्त्यात जमलेला पैसा इंग्लंडला न्यायचा कसा, हा त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न असे. रोकड जहाजाने नेणे धोक्याचे. मग पेढीत रुपये भरायचे आणि लंडनवरची हुंडी घ्यायची, लंडनला ती वटवून पौंड उचलायचे. ही कामे करणाऱ्या पेढ्यांना ‘एजन्सी हाउस’ म्हणत. हुंडणावळ, कमिशन, व्याज आणि व्यापार अशा चारी वाटांनी त्यांच्याकडे पैसा येई. पॅक्स्टन, कॉकरेल आणि ट्रेल ही अशीच एक नामांकित पेढी, आणि तिच्यातला कॉकरेल म्हणजे आपला हा चार्ल्स. आपल्या सावकारी पेढ्यांचे व्यवहार ज्यांच्या घराण्यांत होऊन गेले, त्यांना हा धंदा परका वाटणार नाही.

हिंदुस्थानातून पैसा घेऊन परतलेल्या अशा लोकांना इंग्लंडमध्ये ‘नेबॉब’ म्हणत. शब्द आपल्या ‘नबाबा’चाच. त्यात कौतुक कमी आणि टिंगल जास्त होती. कालपर्यंत कोणी नसलेला माणूस एकाएकी जहागीर विकत घेतो, पार्लमेंटची जागा मिळवतो, म्हणून जुनी घराणी नाके मुरडत. १७७२ मध्ये सॅम्युअल फूट याने ‘द नेबॉब’ नावाचे नाटकच रंगभूमीवर आणले होते. त्यामुळे परतलेले बहुतेक जण आपला पैसा कुठून आला हे घराच्या रूपावरून कळू देत नसत. ग्रीक खांब आणि त्रिकोणी शिखरपट्टी असलेले सभ्य इंग्रजी घर बांधत किंवा तयार घर विकत घेत.

सीझिनकोटपासून काही मैलांवरच डेल्सफोर्ड आहे. ते वॉरन हेस्टिंग्जचे घर. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात ज्याच्या कारकिर्दीत वडगावची नामुष्की झाली आणि ग्वाल्हेरजवळच्या सालबाईला १७८२ मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने तह झाला, तोच हा गव्हर्नर जनरल. आपल्या पूर्वजांची गेलेली ही जहागीर परत मिळवायची ही त्याची लहानपणापासूनची आस होती. १७८८ मध्ये त्याने ती विकत घेतली. पार्लमेंटपुढे त्याच्यावरचा खटला चालू असतानाच तिथे नवे घर उभे राहत होते. आत संगमरवरी शेकोटीवर हिंदुस्थानी देखावे कोरलेले, पण बाहेरून घर युरोपी वळणाचे, फार तर वरच्या घुमटात पूर्वेची पुसट सूचना. त्याचा वास्तुविशारद होता सॅम्युअल पीप्स कॉकरेल, म्हणजे चार्ल्सचा सख्खा भाऊ. प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स याच्या बहिणीच्या वंशातले हे घराणे, म्हणून हे नाव.

चार्ल्सनेही आपल्या घराचे काम याच भावाकडे सोपवले. फरक इतकाच, की हेस्टिंग्जने जे आत झाकून ठेवले, ते चार्ल्सने उघड बाहेर मांडले.

घराचे रूप

घर फार अवाढव्य नाही. मुख्य इमारत चौकोनी, आटोपशीर. वर मधोमध तांब्याचा घुमट, चार कोपऱ्यांवर छोट्या छत्र्या. भिंतीच्या माथ्यावरून सर्वत्र फिरणारा खोल छज्जा आणि त्याला आधार देणाऱ्या कोरीव घोड्या. खिडक्यांवर पाकळ्यांच्या कमानी, काही ठिकाणी मोराने पिसारा फुलवावा तसा पंखा. मुख्य घरापासून एका बाजूला काचेची लांब दालनवजा कमान वळत जाते. तिच्यात थंडीत नाजूक झाडे जपायची. इंग्रजीत तिला ‘ऑरेंजरी’ म्हणतात. तिच्या टोकाला अष्टकोनी मंडप. दुसऱ्या बाजूच्या टोकाला चार्ल्सची झोपण्याची खोली तंबूसारखी सजवलेली होती. दगडाला हिंदुस्थानी वाळुखडकाची छटा यावी म्हणून त्यावर रंगाचा हात फिरवला होता, असेही सांगतात.

ही बांधणी एका कोणत्या इमारतीची नक्कल नाही. अकबराच्या काळात हिंदू आणि मुसलमानी कारागिरांच्या पद्धती जशा एकत्र नांदल्या, त्या मिश्र शैलीकडे बांधणाऱ्याचा ओढा दिसतो. कमळ, छत्री, छज्जा आणि घुमट एकमेकांशेजारी सुखाने बसले आहेत.

आता दार उघडून आत जावे. आत हिंदुस्थान नाही! आत आहे त्या काळातल्या उत्तम अभिरुचीचे इंग्रजी घर. ग्रीक वळणाची नक्षी, मधोमध दुभंगून वर जाणारा देखणा जिना, पहिल्या मजल्यावर बैठकीचे दालन आणि त्याच्या गोलाकार खिडकीतून दिसणारा कॉट्सवोल्ड्सचा हिरवा उतार. जिथे आपल्या किंवा मोगली घरात चौक असता, तिथे जिना आहे. छज्जा आपल्याकडे उन्हापासून भिंत वाचवण्यासाठी आणि पावसाचे पाणी दूर टाकण्यासाठी असतो. जिथे वर्षाकाठी थोडे दिवस धड ऊन पडते, तिथे तो केवळ शोभेचा. छत्रीत बसून वारा खायचा नाही, गच्चीवर चांदण्यात बाजा टाकायच्या नाहीत. बाहेर पाहणाऱ्या इंग्रजी घराला आत पाहणाऱ्या हिंदुस्थानी घराचा चेहरा लावला, असे म्हटले तर चुकू नये.

तरीही घर विसंगत वाटत नाही, ही वास्तुविशारदाची करामत. प्रमाणे इतकी नेटकी आणि रंग त्या भूमीशी इतका मिळता की पाहणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो ओसरल्यावर हे घर तिथलेच वाटू लागते. कवी जॉन बेट्जमन विद्यार्थिदशेत इथे पाहुणा म्हणून येत असे. आपल्या पद्यमय आत्मचरित्रात त्याने या घराला जागा दिली आहे.

चित्रांतून आलेला हिंदुस्थान

घर बांधणाऱ्या सॅम्युअल कॉकरेलने हिंदुस्थान कधीच पाहिला नव्हता. मग हे सारे त्याने काढले कुठून? उत्तर आहे : चित्रांतून.

टॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे दोघे चित्रकार १७८६ मध्ये कलकत्त्याला आले. पुढची सात-आठ वर्षे ते गंगेच्या काठाने, दिल्ली-आग्र्याकडे, हिमालयाच्या पायथ्याशी आणि दक्षिणेत म्हैसूर-मदुरेकडे फिरले. जिथे जातील तिथे इमारती, घाट, देवळे, मशिदी यांची मापात बसणारी चित्रे काढली. परत गेल्यावर १७९५ ते १८०८ या काळात त्यांनी ‘ओरिएंटल सीनरी’ या नावाने १४४ मोठे रंगीत छाप प्रसिद्ध केले. हिंदुस्थान कसा दिसतो, हे इंग्लंडमधल्या सुशिक्षित माणसाला त्या छापांनी शिकवले. सीझिनकोटच्या कामात टॉमस डॅनियल सल्लागार होता. विशेषतः बागेतले पूल, देऊळ आणि कुंड यांच्या रचनेत त्याचा हात होता. नामवंत उद्यानकार हम्फ्री रेप्टन याचाही सल्ला घेतला गेला.

या प्रवासाच्या शेवटी, १७९३ मध्ये, काका-पुतणे मुंबईला आले होते. तिथे त्यांना जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार भेटला. त्याच्या सोबतीने त्यांनी घारापुरी आणि साष्टीतली लेणी पाहिली, रेखाटली. कॉट्सवोल्ड्समधल्या त्या पुलाखालच्या खांबांचे मूळ या भेटीत आहे. घारापुरीचे खांब मुळात खांब म्हणून उभारलेलेच नाहीत. डोंगर पोखरताना छताला आधार राहावा म्हणून जे शिल्लक ठेवले, ते खांब. खाली चौकोनी बैठक, वर पन्हळींचे गोल अंग आणि माथ्याशी भाराने दबल्यासारखी दिसणारी उशी. डोंगराचे ओझे वाहणारे ते रूप इंग्लंडमध्ये एका बग्गीपुरत्या पुलाखाली जाऊन उभे राहिले.

पुण्याचा धागा

जेम्स वेल्स हे नाव मराठी इतिहासाच्या वाचकाला परके नसावे. हाच वेल्स १७९२ मध्ये पुण्याला आला. सवाई माधवराव पेशवे, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची त्याने काढलेली चित्रे आज आपण पुस्तकांत पाहतो. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट हा त्याचा आश्रयदाता. मॅलेटच्याच पुढाकाराने आणि पेशव्यांच्या संमतीने शनिवारवाड्यात चित्रकलेचे शिक्षण सुरू झाले आणि तिथे गंगाराम चिंतामण तांबट हा मराठी चित्रकार पुढे आला. गंगारामने मॅलेटसाठी वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही त्याने रंगवला. त्याची ही कामे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात आहेत.

१७९५ मध्ये सवाई माधवराव गेले आणि त्याच वर्षी वेल्सही वारला. त्याची रेखाटने डॅनियलच्या हाती आली. त्यांतून १८०३ मध्ये वेरूळच्या लेण्यांवरचे २४ छाप प्रसिद्ध झाले. आणि १८०५ मध्ये टॉमस डॅनियलने लंडनच्या रॉयल अकादमीत एक भव्य तैलचित्र मांडले : पेशव्यांच्या दरबारात मॅलेट १७९० चा तह पुरा करीत आहे. टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि कंपनी यांनी केलेला तो तह. वेल्सच्या पुण्यातल्या रेखाटनांवरून रंगवलेले हे चित्र आता लंडनच्या टेट संग्रहात आहे.

म्हणजे ज्या सुमारास टॉमस डॅनियलच्या कुंचल्याखाली पुण्याचा दरबार उभा राहत होता, त्याच सुमारास त्याच्या सल्ल्याने सीझिनकोट उभे राहत होते. आणि प्रत्यक्षात? १८०२ च्या वसईच्या तहाने पेशवाई कंपनीच्या फौजेच्या आश्रयाला गेली होती. लंडनच्या भिंतीवर दरबार झळकला, तेव्हा पुण्याच्या दरबाराचे स्वतंत्र चालणे संपत आले होते.

मॅलेटनेही मायदेशी परतल्यावर कंट्री हाउस घेतले, विल्टशायरमधले विल्बरी हाउस. वेल्सची थोरली मुलगी सुझॅना ही त्याची पत्नी. पुण्यात इतकी वर्षे राहिलेल्या या माणसाचे घर मात्र १७१० सालचे, इटालियन वळणाचे, अस्सल इंग्रजी. पुणे तिथे राहिले ते चित्रांत आणि कागदपत्रांत. या दोन घरांशेजारी एक तिसरी गोष्टही ध्यानात ठेवावी. कॉकरेलचे नाव सीझिनकोटशी जोडलेले राहिले, डॅनियलचे त्याच्या छापांवर राहिले, वेल्सचे वेरूळच्या पुस्तकावर राहिले. ज्यांनी मुळात घारापुरीचा डोंगर पोखरला त्यांची नावे तर काळाच्याच पोटात गेली. पण त्याच पिढीतला, त्याच लेण्यांसमोर कागद घेऊन बसलेला आपला गंगाराम तांबटही दीड-दोनशे वर्षे अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारसा कोणाला ठाऊक नव्हता.

सीझिनकोटनंतर

१८०७ मध्ये युवराज, म्हणजे पुढचा राजा चौथा जॉर्ज, सीझिनकोटला येऊन गेला आणि घरावर खूश झाला, असे सांगतात. समुद्रकाठच्या ब्रायटनला त्याचे घोड्यांचे तबेले हिंदुस्थानी धाटणीने आधीच बांधले जात होते. ते बांधणारा विल्यम पोर्डन हा सॅम्युअल कॉकरेलचाच शिष्य. रेप्टनने ब्रायटनच्या राजगृहासाठी हिंदुस्थानी आराखडे तयार करून १८०८ मध्ये छापलेही. पण प्रत्यक्ष काम मिळाले जॉन नॅशला. १८१५ ते १८२२ या काळात घुमट आणि मिनारांचा तो प्रसिद्ध रॉयल पॅव्हेलियन उभा राहिला. पर्यटक आज गर्दी करतात ती तिथे. सीझिनकोट मात्र इंग्लंडमधले संपूर्ण हिंदुस्थानी रूपाचे कंट्री हाउस म्हणून एकटेच राहिले. ही शैली इंग्रज जमीनदारांनी उचलली नाही.

चार्ल्स कॉकरेलला १८०९ मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला. अनेक वर्षे तो पार्लमेंटचा सभासद होता. १८३७ मध्ये तो वारला. ‘नेबॉब’ म्हणून नाके मुरडणाऱ्यांत तो सामावला गेला होता. १८८४ मध्ये ही मालमत्ता विकली गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, ती क्लाइनवॉर्ट या बँकर घराण्याने घेतली आणि मेहनतीने सावरली. पेढीवाल्याचे घर पुन्हा पेढीवाल्याकडेच आले! १९६० च्या दशकात भारत पाहून आल्यावर घराच्या मालकिणीने ऑरेंजरीपुढे पाण्याचे पाट असलेली मोगली धर्तीची बाग करवून घेतली. प्रत्यक्ष पाहिलेला हिंदुस्थान त्या घरात आला, तो दीडशे वर्षांनी आणि बागेच्या रूपाने.

आणि आपले बडोदे

सीझिनकोटची कृती अशी : बाहेरून हिंदुस्थानी, आतून युरोपी. हीच कृती सत्तर वर्षांनी उलटा प्रवास करून आपल्याकडे आली. ब्रिटिश अभियंत्यांनी हिंदुस्थानात जी मिश्र शैली रूढ केली, तिला पुढे ‘इंडो-सारासेनिक’ म्हणू लागले. कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधणारा मेजर चार्ल्स मँट यानेच आपल्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा काढला. १८७८ मध्ये काम सुरू झाले. १८८१ मध्ये मँट वारला आणि मद्रासहून आलेल्या रॉबर्ट चिझमने ते पुढे नेले. १८९० मध्ये वाडा पूर्ण झाला. चिझमनेच बांधलेल्या बडोदा कॉलेजचा घुमट पाहिला की विजापूरच्या गोलघुमटाची आठवण होते, हे इथल्या प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकलेले असते.

लक्ष्मीविलासच्या बाहेरच्या अंगाला राजपूत, मोगल, गुजराती, मराठी अशा सर्व तऱ्हांचे घुमट, झरोके, छत्र्या. आत व्हेनिसच्या कारागिरांची जमीन, रंगीत काचा, इटालियन शिल्पकार फेलिची याचे पुतळे. वरवर पाहिले तर सीझिनकोटचीच गोष्ट, फक्त मालक मराठा. पण दोन घरांत एक मूलभूत अंतर आहे. मँट आणि चिझम यांनी इथल्या इमारती डोळ्यांनी पाहिल्या होत्या. दगडाला टाकी लावणारे हात इथले होते. इथे छज्जा उन्हासाठी होता, चौक हवेसाठी होता. दरबारही नुसता शोभेचा नव्हता, तिथे खरेच दरबार भरे. आणि त्या राजवाड्यात दर भाद्रपदात गणपती बसतो. सीझिनकोटच्या देवळातल्या सूर्याला कोणी अर्घ्य दिलेले नाही. तो कोड नावाच्या कृत्रिम दगडातून साच्यात घडवलेला आणि बागेच्या देखाव्यासाठी बसवलेला. पुलावरचे नंदी ज्याच्याकडे पाहतात तो महादेव तिथे नाही.

यात कॉकरेलला नावे ठेवण्याचे कारण नाही. ज्या देशात त्याने उमेदीची वर्षे घालवली, त्याचे काहीतरी त्याला घरी न्यावेसे वाटले आणि इतरांनी लपवले ते त्याने उघड मिरवले. पण घराबरोबर त्याला रूपच नेता आले. त्या रूपामागचे हवामान, रीतभात, सण, माणसे बोटीत भरून नेता येण्यासारखी नव्हती.

आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या कुटुंबांना या प्रश्नाची वेगळी धार जाणवावी. गायकवाडांबरोबर आपले पूर्वज इथे आले तेव्हा त्यांनीही घरे बांधली. रावपुरा, दांडिया बाजार इथल्या जुन्या घरांत देशावरचा चौक आला, देवघर आले आणि त्याच घरांना गुजराती सुतारांची लाकडी नक्षीही आली. बाहेरचे रूप इथले आणि आतले वागणे देशावरचे, असा कॉकरेलच्या बरोबर उलटा व्यवहार झाला. आता त्यांतली बरीच घरे पाडून इमारती उभ्या राहात आहेत. प्रवेशद्वारावर कमान, कमानीवर ‘वाडा’ किंवा ‘हवेली’ असे नाव आणि आत सर्वत्र सारखेच फ्लॅट, हे दृश्य आपण रोज पाहतो. नंदी आहेत, महादेव कुठे आहे ते शोधायचे!

सीझिनकोटला सगळ्यांना जाता येईल असे नाही. पण त्याचे प्रतिबिंब पाहायला लांब जायला नको. रावपुऱ्यात तांबेकर वाडा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा मजली वाडा आता पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहे. आतल्या भिंतींवर कृष्णलीला आहेत, महाभारत आहे आणि इंग्रज-मराठे युद्धाचे प्रसंगही आहेत. इंग्रज पेढीवाल्याने आपल्या घराच्या अंगावर हिंदुस्थान चढवला, त्यानंतर मराठी दिवाणाने आपल्या भिंतीवर टोपीकर रंगवून घेतले. यंदाच्या उत्सवात आरास पाहायला रावपुऱ्यात जाल, तेव्हा घरातल्या मुलांना दिवसाउजेडी एकदा त्या वाड्यातही घेऊन जावे. रंग उडत चालले आहेत. पाहून घ्यायचे ते लवकर पाहिलेले बरे.